आधी आरशाचा तुकडा, मग बटण

ज्यांच्या घरात जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे आणि त्याच्या शटरवर बसवायचं ते रंगीत गोल बटण ज्यांनी मागवलंय किंवा मागवायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आष्टीसारख्या गावात असे कितीक असणार, असं कुणी म्हणेल. मला चार जण माहीत आहेत. परतूर, सेलू, जालना धरलं तर आकडा वाढेल. गावोगावचे स्टुडिओ बंद पडले, चालवणारे थकले, आणि कपाटातले कॅमेरे आता नातवंडांच्या हाती यायला लागलेत. ही लेकरं रोल धुवायला कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवतात आणि बाकीचं सामान मोबाइलवरून मागवतात. त्या सामानात हे बटण हमखास असतं.

परवा असाच एक पोरगा आजोबांची याशिका घेऊन आला. वर लालभडक बटण. "मामा, आता फोटो हलणार नाही," म्हणाला. मी म्हटलं, बाळा, हे तुला कुणी सांगितलं?

बटण म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. जुन्या कॅमेऱ्याच्या शटरच्या बटणात मधोमध एक आटे पाडलेलं भोक असतं. ते केबल रिलीजसाठी. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, त्या भोकात केबल पिळून बसवायची आणि दुसऱ्या टोकाला अंगठ्याने दाबायचं, म्हणजे हाताचा धक्का कॅमेऱ्याला लागत नाही. आपलं रंगीत बटण त्याच भोकात बसतं, पण केबलचं काम करत नाही. त्याने मूळ बटणाची उंची दोन-चार मिलिमीटरने वाढते आणि बोट टेकायला जागा जास्त मिळते, एवढंच. शटर सुटायला जितका जोर आधी लागत होता तितकाच नंतरही लागतो. आतली स्प्रिंग तीच, दांडीही तीच. 'सॉफ्ट रिलीज' या इंग्रजी नावात 'सॉफ्ट' आहे म्हणून आतलं यंत्र मऊ होत नाही.

मग लोक त्याचं कौतुक का करतात? त्यालाही कारण आहे. हा शौक मुख्यतः लायका कॅमेरे वापरणाऱ्यांचा. १९५४ साली लायकाची एम-३ आली. तिचं आणि तिच्या पुढच्या भावंडांचं शटरबटण बसकं असतं, बोटाचं टोक खाली खुपसून दाबावं लागतं. वर एक छोटी टोपी बसवली की टोकाऐवजी बोटाचं पेर आडवं टेकवून दाबता येतं. टोकाने दाबताना अख्खं बोट वाकतं आणि सोबत मनगटही ओढलं जातं. पेराने दाबताना हालचाल कमी होते. कॅनडात व्हँकुव्हरला टॉम अब्राहमसन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी बनवलेली अशी बटणं लायकावाल्यांत फार नावाजली गेली. तिथून ही हौस सगळीकडे पसरली. म्हणजे बटणाचा फायदा बोटाच्या कोनाचा आहे. आता तुमच्या कॅमेऱ्याचं बटण मुळातच उंच आणि रुंद असेल, तर त्या फायद्यातलं तुमच्या वाट्याला काय उरतं ते तुम्हीच सांगा.

आमच्या फोटोच्या धंद्यात 'फोटू हललाय' हे वाक्य फार ऐकलंय. मंडपातली लाईट गेली की हमखास. गिऱ्हाईक फोटो हातात धरून विचारायचं, "भाऊ, हे असं कामून झालं?" आणि आम्ही म्हणायचो, "नवरदेव हलला." निम्म्या वेळा नवरदेव नव्हता हललेला, आम्ही हललो होतो. आता सांगायला हरकत नाही.

रेंजफाइंडरची खरी मजा अंधारातच. खिडकीतून दोन प्रतिमा दिसतात, लेन्सचं कडं फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झालं. आत वर-खाली आपटणारा आरसा नाही, त्यामुळे तो धक्काही नाही आणि तो आवाजही नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६) किंवा कॅननेट क्यूएल१७ जी-३ (१९७२) यांचं शटर तर लेन्समध्येच असतं. सप्ताहात कीर्तन रंगात आलेलं असताना मी शेजारी बसून फोटो काढलाय आणि मांडी लागून बसलेल्या टाळकऱ्याला पत्ता लागला नाही. पण पहाटेच्या काकड्याला देवळातल्या उजेडात लेन्स १.७ पर्यंत उघडली तरी शटर १/१५ सेकंदावर येतं. याशिकात पिवळा दिवा लागतो, म्हणजे कॅमेरा सांगतोय की सांभाळ. या १/३०, १/१५, १/८ च्या पट्ट्यातच बटणाचा प्रश्न येतो. भर दुपारी बाजारात १/२५० वर फोटो काढणाऱ्याने बटणासाठी पैसे घालू नयेत. हात जाणवण्याइतका हलायच्या आत शटर मिटलेलं असतं.

मग बटण आपल्याला उपयोगी आहे की नाही हे कळायचं कसं? रोल वाया घालवू नका, रोल महाग झालाय. आरशाचा एक तुकडा घ्या, पावडरच्या डबीतला असतो तेवढा. कॅमेऱ्यात रोल नको. लेन्सला झाकण लावा आणि झाकणावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने तो आरसा बसवा. काचेवर काही चिकटवू नका. सकाळच्या उन्हात दारात असे उभे राहा की आरशाचा कवडसा समोरच्या सावलीतल्या भिंतीवर पडेल. शाळेत वर्गात पाडायचो तसाच. फक्त कुणाच्या डोळ्यावर नको. अंतर दहा फूट ठेवा. भिंतीवर कोळशाने एक फुली मारा, कवडसा फुलीवर आणा आणि शटर दाबा. दाबताना नजर मात्र भिंतीवर ठेवा, म्हणजे कवडसा किती उडतो ते कळेल.

पहिल्यांदा बघाल तेव्हा धक्का बसेल. मला बसला होता. वीसेक वर्षं धंदा केलेला माणूस मी, आणि कवडसा वितभर नाही पण चांगला दोन बोटं खाली गेला. हिशेब असा: कॅमेरा एका अंशाच्या दहाव्या भागाएवढा वळला, तरी आरशामुळे कोन दुप्पट होतो आणि दहा फुटांवर कवडसा साधारण एक सेंटिमीटर सरकतो. ४५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये तेवढ्या वळण्याने फिल्मवरची प्रतिमा ०.०८ मिलिमीटरच्या आसपास घसरते. छोट्या छापील फोटोत ०.०३ मिलिमीटरपर्यंतची धूसरता सहसा खपून जाते. म्हणजे उघड्या शटरच्या वेळात कवडसा एक सेंटिमीटर सरकला की फोटो हललाच म्हणून समजा. या खेळात एक गोम आहे. कवडशाचा काही झोका शटर मिटल्यावरचाही असतो, तो फोटोत येत नाही. तरी दोन पद्धतींची तुलना करायला हा खेळ पुरेसा आहे.

आता दाबण्याची रीत बदला. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा. डावा तळवा लेन्सखाली घ्या, कॅमेऱ्याचं वजन त्याच्यावर. अर्धा श्वास सोडून थांबा. बटणातली ढील आधी काढून घ्या आणि मग सीताफळ पिकलंय का हे बघताना दाबतो तसं हळूहळू दाबत जा. शटर नेमकं कधी सुटलं हे तुम्हालाच कळता कामा नये. सुटल्यावर बोट लगेच उचलू नका. हे पन्नास वेळा करा, फुकट आहे. कवडशाची उडी निम्म्यावर आलेली दिसेल, बऱ्याच जणांची त्याहून कमी होते. त्यानंतर बटण लावा आणि आणखी वीस वेळा करून बघा. बटणाने फरक पडला तर ठेवा. नाही पडला तर ती तुमच्या कॅमेऱ्यावरची टिकली आहे, हौसेने मिरवा, पण तिच्यामुळे फोटो सुधारला असं म्हणू नका. त्या पोराला मी हेच करायला लावलं. त्याच्या हातात बटण असताना आणि नसताना कवडसा सारखाच उडत होता. श्वास धरायला शिकल्यावर थांबला.

काही जणांना मात्र मी स्वतःहून सांगेन की बटण घ्या. ज्यांची बोटं जाड आहेत, ज्यांच्या बोटांना कामाचे घट्टे पडलेत, ज्यांचे सांधे धरलेत, त्यांना छोट्या बटणाच्या आट्यांची धार बोचते आणि बोट नीट बसत नाही. माझ्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर आता पुरतं वाकत नाही. मी बटण वापरतो. इतकी वर्षं ज्याची चेष्टा केली तेच वापरतो, घरात यावरून बोलणी खाल्ली आहेत.

घ्यायचंच तर बुटकं आणि मध्ये जरा खोलगट घ्या. उंच, फुगीर बटण फोटोत छान दिसतं आणि पिशवीत घात करतं. बस खड्ड्यातून गेली की पिशवीतल्या पिशवीत शटर सुटतं. हाताने रीळ पुढे घ्यायच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम जाईल, पण ती नेमकी कुठली जाईल हे सांगता येत नाही. म्हणून कॅमेरा पिशवीत टाकताना रीळ पुढे ओढून ठेवू नका, बाहेर काढल्यावर ओढा. फुजीच्या एक्स१०० सारख्या डिजिटल कॅमेऱ्यातही असे आटे आहेत. त्यात बटण अर्धवट दाबलं गेलं तर कॅमेरा जागा राहून बॅटरी खातो. चामड्याचं जुनं कव्हर असेल तर ते बटणासकट मिटतं का तेही बघा. मिटत नसताना दाबून बसवलंत तर बटणाची दांडी वाकायची.

बसवताना बोटाच्या चिमटीने पिळा, पक्कड लावू नका. मूळ आटे निमुळते असतात आणि स्वस्तातल्या बटणांचे बऱ्याचदा सरळ. जबरदस्ती केली तर कॅमेऱ्याचे आटे जातात आणि ते पुन्हा पाडून देणारा माणूस शोधायला कुठे जाल? बटणाचा स्क्रू लांब असेल तर तो आतल्या यंत्राला टेकून शटर आपोआप सुटतं किंवा दाबलेलंच राहतं. बटण सैल होऊन पडतं हीसुद्धा नेहमीची तक्रार. आट्यांवर नळाच्या कामाची पांढरी टेप अर्धा वेढा गुंडाळा, काम होतं. १९५४ च्या आधीच्या स्क्रू-लेन्सच्या लायका आणि त्यांच्यावर बेतलेले पहिले फेड, झोर्की यांच्या बटणात मधले आटेच नसतात, तिथे हे बसणारच नाही. आष्टीत कुणाकडे तसली लायका निघाली तर बटणाचं राहू द्या, मला दाखवायला आणा.

आणि खरंच हलणार नाही असा फोटो हवा असेल, घरच्या सगळ्यांचा एकत्र काढायचा असेल, तर बटणाऐवजी केबल घ्या. किंमत जवळपास तेवढीच. स्टँड नसला तर ज्वारीच्या पोत्यावर कॅमेरा ठेवा, पोतं स्टँडहून बरं. जुना सेल्फ टायमर जपून वापरा, वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायमर मध्येच अडकतो आणि शटरही अडकवून बसतो.

एवढं सांगून हेही सांगतो की हललेला प्रत्येक फोटो टाकाऊ नसतो. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरूंनी गांधीजी गेल्याचं लोकांना सांगितलं, तो हेन्री कार्तिए-ब्रेसाँचा फोटो बघा. लायकावर काढलेला, अंधार, दिव्याचा झगझगाट, धूसर चेहरे. त्याला 'फोटू हललाय' कोण म्हणेल?

माझ्याकडे खणात तीन बटणं पडून आहेत, एक बुटकं, दोन उंच. आरशाचा तुकडाही आहे. आष्टीला आलात तर कॅमेरा घेऊन या, लावून बघा, कवडसा बघा, मगच पैसे घाला. रोल आणायची गरज नाही. ऊन असताना या.