हा कचरा उडवायचा नाही!

परवा ऐन सबमिशनच्या गडबडीत रूम पार्टनरने माझी हार्डडिस्क उघडली आणि ओरडला, "अरे, हा ब्लॅक अँड व्हाइट कचरा उडव की! यूट्यूबवर मिळतं सगळं."

कचरा म्हणजे काय, तर बॉक्सिंगचे विनोदी पिक्चर. ग्लोव्हमध्ये घोड्याची नाल लपवणारा चॅप्लिन ('द चॅम्पियन', १९१५), बस्टर कीटनचा 'बॅटलिंग बटलर' (१९२६), 'सिटी लाइट्स'मध्ये (१९३१) रेफरीच्या आड लपणारा चार्ली... पार्टनर पक्का मराठी मीडियमचा, म्हणून कॉन्व्हेंटमधलं माझं मराठी घेऊन इथेच उत्तर देतोय. चुका पोटात घाला.

मित्रांनो, लॉरेल-हार्डीचा 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' घ्या. सप्टेंबर १९२७ मध्ये शिकागोत डेम्प्सीने टनीला खाली पाडलं, पण स्वतः न्यूट्रल कॉर्नरला जायला वेळ लावला. रेफरीची मोजणी उशिरा सुरू झाली, तेवढ्यात टनी सावरला आणि जिंकला! त्याच वर्षअखेरीस आलेल्या या पिक्चरमध्ये लॉरेलचा ठोसा चुकून बसतो, समोरचा धिप्पाड गडी आडवा होतो, आणि हा बावळट कॉर्नरला जायलाच तयार नाही. गडी उठतो. पुढचं सांगायला नकोच.

दुसऱ्या रिळात पाय फेकून मारामारी आहे (पाय म्हणजे खायचे, कस्टर्डचे!). हे रीळ कित्येक दशकं हरवलेलं होतं. रॉबर्ट यंगसनने १९५७ च्या आपल्या पिक्चरमध्ये घेतलेले तुकडेच काय ते शिल्लक. २०१५ साली ते जवळजवळ पूर्ण सापडलं, तेही स्टुडिओत नाही, तर जॉन मिर्सालिस या संग्राहकाने विकत घेतलेल्या १६ एमएमच्या डब्यांत. डबे मूळ यंगसनचेच.

उलट हॅरॉल्ड लॉइडचा 'द मिल्की वे' (१९३६). रिमेकसाठी हक्क घेतल्यावर गोल्डविनने जुन्या प्रिंट नष्ट करवल्या असं सांगतात. लॉइडने स्वतःची जपली होती, म्हणून वाचला.

काही संग्राहक डबे नुसते दडवून बसतात, कुणाला दाखवत नाहीत, हे मला मुळीच पटत नाही. म्हणून पार्टनरला ती लॉरेलची फाइट दाखवली. त्याने दोनदा बघितली! मग मी सांगितलं, की मधला विमा एजंटचा प्रसंग तेव्हाही हाती लागला नाही.

"म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर असेल?" त्याने विचारलं.