मावळा काळा रंगवला म्हणून दोन गुण कापले

राजेहो, चौकात यंदाच्या किल्ले स्पर्धेचा बॅनर लागला. परीक्षकांच्या यादीत खालून दुसरं नाव माझं आहे. मला विचारून टाकलं असतं तर बरं झालं असतं, पण ते जाऊ द्या. नाव टाकलंच आहे तर माझी अट आधी जाहीर सांगून ठेवतो. पोस्ट लांब आहे. पूर्ण वाचा, मग शिव्या द्या.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आम्ही तिघं परीक्षक वही घेऊन वॉर्डातले किल्ले पाहत फिरत होतो. बहुतेक प्रतापगडच होते. पोट्ट्यांना प्रतापगड आवडतो, कारण बाजारात अफजलखानाचा सेट तयार मिळतो. चौथी-पाचवीतल्या एका पोराचा किल्ला खरंच झकास होता. तटबंदी नीट, बुरूज नीट, उतारावर मोहरी उगवलेली, खाली शामियाना. शामियान्याबाहेर महाराजांच्या बाजूला दहा मावळे ओळीत उभे. नऊ गुलाबी, बाजारातून आणले तसे. दहावा काळा. पोरानं घरच्या ब्रशनं स्वतः रंगवलेला, रंग थोडा ओघळलेलाही.

आमच्यातल्या एका परीक्षकानं विचारलं, "हा काळा काहून रंगवला रे?"

पोरगं म्हणालं, "हा सिद्दी इब्राहीम होय, सर. महाराजांसोबत दहा जण होते, त्यातला."

"मावळा असा असते का? हा तं खानाकडचा वाटते."

आणि वहीत 'ऐतिहासिक अचूकता' या रकान्यात दहापैकी आठ पडले. पोरगं काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिकडून गेलो तेव्हा ओळीत नऊच मावळे होते.

आता माझी कबुली. पोरगं बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं. तरी मी त्या वहीवर सही केली. संध्याकाळ झाली होती, अजून सहा किल्ले पाहायचे होते, वाद कोण घालणार. म्हणून आज हे लिहितो आहे. एक वर्ष उशिरा.

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज खानाला भेटायला गेले तेव्हा सोबत दहा निवडक माणसं होती. त्यातल्या जिवा महालाचं नाव सगळ्यांना पाठ आहे, कारण सय्यद बंडाचा वार त्यानं अडवला आणि 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण घराघरात गेली. संभाजी कावजी, येसाजी कंक हीही नावं ऐकलेली असतात. त्याच दहा जणांत सिद्दी इब्राहीम होता. सिद्दी म्हणजे हबशी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून इकडे आले ते. म्हणजे जिवावर बेतणाऱ्या भेटीला जाताना महाराजांनी ज्या दहा माणसांवर भरवसा ठेवला, त्यातला एक आफ्रिकी वंशाचा होता. आणि साडेतीनशे वर्षांनी आम्ही तिघं शहाणे त्याला खानाच्या पार्टीत ढकलून मोकळे झालो.

बरं, तो एकटाच होता का? पुढच्याच वर्षी, १६६० मध्ये, सिद्दी जौहरानं पन्हाळ्याला वेढा घातला. हा सिद्दी आपल्याला बरोबर लक्षात राहतो, कारण तो शत्रू. पण तो वेढा फोडायला नेताजी पालकरांसोबत जी फौज गेली, तिच्यात सिद्दी हिलाल होता आणि त्याचा पोरगा वाहवाहही होता. त्या लढाईत पोरगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. एका बाजूला सिद्दी, दुसऱ्या बाजूलाही सिद्दी. आपण लक्षात ठेवला फक्त एका बाजूचा. जंजिऱ्याचेही सिद्दीच, आणि जंजिरा महाराजांना शेवटपर्यंत मिळाला नाही, तो राग वेगळाच. मग शाळेतल्या पोराच्या डोक्यात गणित पक्कं बसते: सिद्दी म्हणजे काळा, काळा म्हणजे पलीकडचा.

आणि मलिक अंबर? इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. मोगलांना डोंगरदऱ्यांत गाठून मारायची पद्धत त्यानं इतकी रुजवली की जहांगीर बादशाह वैतागून गेला. जहांगीरानं एक चित्र काढून घेतलं होतं: भाल्यावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं आणि बादशाह त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात मलिक अंबर त्याला कधी सापडला नाही. १६२६ मध्ये म्हातारा होऊन मेला. हाती लागला नाही म्हणून चित्रात मारला, असा तो प्रकार. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६२४ मध्ये, भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूनं लढले होते. तुमच्या पोराच्या किल्ल्यात हा माणूस कुठे बसतो सांगा.

आता थोडं दूर जातो. माझ्या लहानपणी नागपूरच्या आतेभावाकडे जी.आय. जो नावाचे सैनिक होते, त्याच्या मुंबईच्या काकांनी आणलेले. बोटाएवढे, हात-पाय कोपरा-गुडघ्यातून वळणारे. हेच खेळणे पुढे फनस्कूलनं इथेही भरपूर विकले, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असतील. भंडाऱ्याच्या पोराला त्याचं किती अप्रूप, विचारू नका. त्या सात-आठ सैनिकांत एक काळा होता, दणकट, हातात भली मोठी मशीनगन. आम्ही दोन टीम पाडल्या आणि त्याला न विचारता दुश्मन केला. कोणी शिकवलं नव्हतं आम्हाला. दरवेळी तोच मरायचा.

कितीतरी वर्षांनी त्या खेळण्याबद्दल वाचलं तेव्हा कळलं, तो रोडब्लॉक. १९८४ मध्ये आलेला, हिरोंच्या बाजूचा, जड मशीनगन चालवणारा. आणि त्याच्या पाकिटामागच्या कार्डावर लिहिलेलं होतं की त्याला मुळात मोठा स्वयंपाकी व्हायचं होतं! आम्ही पूर्ण दिवाळीच्या सुट्टीभर ज्याला मारलं तो बिचारा आपल्याच पार्टीचा आचारी निघाला.

त्या अमेरिकन कंपनीची, हॅस्ब्रोची, आरती ओवाळत नाही मी. १९६४ मध्ये त्यांनी हा सैनिक बाजारात आणला तेव्हा तो गोराच होता. १९६५ मध्ये काळा आणला, पण कसा? गोऱ्याचाच साचा, तोच चेहरा, तेच नाक-ओठ, फक्त प्लास्टिक तपकिरी. म्हणजे नुसतं रंगकाम. १९८२ मध्ये छोट्या आकाराची नवी पलटण आली, तिच्यातही काळा एकटाच, स्टॉकर नावाचा. पण यावेळी त्याला कार्ड होतं. खरं नाव लोंझो विल्किन्सन, गाव डेट्रॉईट, काम रेंजरचं. पुढच्या वर्षी डॉक आला, तो डॉक्टर. ही कार्डं लिहिणारा लॅरी हामा स्वतः जपानी वंशाचा अमेरिकन, फौजेत राहून आलेला. नाव, गाव आणि काम मिळालं की खेळण्यातला माणूस 'तो काळा' राहत नाही, हे त्याला कळत असावं. धंद्यासाठी केलं असेल, नक्कीच केलं असेल. पण केलं.

आपण काय केलं? आपल्याकडे तर रंगकामही झालं नाही. उलटंच झालं. कुंभारवाड्यात जाऊन एकदा पाहा. भट्टीतून मावळा निघतो तेव्हा त्याचा रंग तुमच्या-माझ्यासारखा असतो, उन्हात रोवणी करणाऱ्या माणसाचा. मग त्याच्यावर पांढरा हात मारतात आणि त्यावर तो गुलाबी. कुंभाराला बोल लावत नाही, गिऱ्हाईक गुलाबीच मागते. सह्याद्रीच्या उन्हापावसात आयुष्य काढलेला मावळा गुलाबी! अन् खानाच्या सैनिकाला मात्र आठवणीनं गडद रंग. ही ऐतिहासिक अचूकता कोणत्या रकान्यात मोजायची?

कमेंटमध्ये काय येणार मला माहीत आहे. "आता मातीच्या खेळण्यातही जात-धरम आनता का?" भाऊ, मी आणत नाही आहे. गुलाबी डब्यातून ते आधीच आलेलं आहे, तुम्हाला दिसत नाही इतकंच. दुसरी कमेंट: "सिद्दी वेगळे, आपले सावळे लोक वेगळे, तुम्ही खिचडी करता." वेगळे आहेतच, कबूल. इब्राहीमचे पूर्वज समुद्रापलीकडून आले, आपल्या सावरी-पवनीचा ढिवर किंवा तुमसरकडचा गोंड इथलाच. पण ब्रश एकच आहे ना! ज्या ब्रशनं इब्राहीमला ओळीतून काढलं, त्याच ब्रशनं मावळा गुलाबी केला. आणि त्या पोराचा स्वतःचा रंग काय होता, हे मी अजून लिहिलंच नाही. लिहिणारही नाही, तुम्ही समजून घ्या. 'मावळा असा असते का' हे वाक्य त्यानं फक्त मातीच्या बाहुल्यासाठी ऐकलं असेल असं ज्याला वाटते, त्यानं वाटून घ्यावं.

जाता जाता एक गोष्ट, विषयाला थोडी बाजूची आहे. आपल्या जिल्ह्यात अंबागड उभा आहे. तुमसरजवळ, १७०० च्या सुमारास बांधलेला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्यानं नागपूर वसवलं, त्याचा सरदार राजा खान पठाण यानं तो बांधला. गोंड राजा, पठाण सरदार, आपल्या मातीतला किल्ला. स्पर्धेच्या इतक्या वर्षांत एका तरी पोट्ट्यानं अंबागड केला का? मी तरी पाहिला नाही. कारण अंबागडाचा सेट बाजारात मिळत नाही, त्याचे सैनिक कसे दिसत होते हे कोणी सांगत नाही, आणि केला तरी परीक्षक म्हणून आमच्यासारखेच येणार.

तर मंडळाच्या पोरांनो, माझी अट अशी. प्रत्येक किल्ल्याच्या निदान पाच सैनिकांसमोर पुठ्ठ्याची चिठ्ठी पाहिजे: नाव, गाव, काम. गाव माहीत नसेल तर नुसतं नाव आणि काम चालेल. जिवा महाला, बहिर्जी नाईक, शिवा काशीद, सिद्दी हिलाल, जो पोराला सापडेल तो. चिठ्ठीला दहा गुण. रंगाचे गुण रद्द. आणि अंबागड किंवा पवनीचा किल्ला करणाऱ्याला वेगळं बक्षीस, त्याचे पैसे मी देतो. हे जमत असेल तर मी येतो. नसेल जमत तर बॅनरवरच्या माझ्या नावावर कागद चिकटवा, मला राग येणार नाही.

राहिला तो पोरगा. काल त्याच्या घरी गेलो होतो. गेल्या वर्षीच्या वहीची झेरॉक्स नेली, आठ खोडून दहा केले आणि खाली पुन्हा सही केली. त्याच्या आईनं चहा दिला. पोरगं वहीकडे पाहत म्हणालं, "काकाजी, यानं नंबर बदलते का?" मी म्हटलं, नाही बदलत बाप्पा, बक्षीस वाटून झालं. मग तो आत गेला आणि गोवऱ्यांच्या खोलीतून एक डबा घेऊन आला. दहावा मावळा त्यात होता, फडक्यात गुंडाळलेला. एक हात तुटला आहे. यंदा तो हात मेणानं बसवू म्हणाला.