सातनंतरचा समुद्र

अंदमानात रात्रीच्या डायव्हिंगला जाणार म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "रात्री? आणि सोबत कोण?" पाण्याची खोली, सिलिंडरमधली हवा, यांबद्दल कुणीच विचारलं नाही. बाईला धोका म्हणजे रात्र, आणि रात्र म्हणजे परका पुरुष, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

गंमत म्हणजे पाण्याखालीही 'सोबत कोण' हाच पहिला प्रश्न असतो. फक्त तो बाई-पुरुष सगळ्यांना विचारला जातो. जोडीदाराशिवाय उतरायचं नाही. प्रत्येकाकडे एक टॉर्च, शिवाय एक राखीव. सगळं ठीक असेल तर टॉर्चच्या झोताने गोल काढायचा, अडचण असेल तर झोत भराभर आडवा हलवायचा. किती हवा उरली की परत फिरायचं, ते उतरण्याआधीच ठरवायचं. अंधारात धोका आहे हे सगळ्यांना मान्य असतं, म्हणून तर एवढी तयारी. 'उतरूच नका' असं कुणी म्हणत नाही.

आणि खाली काय दिसतं! दिवसा दगडासारखं वाटणारं प्रवाळ रात्री जागं होतं, त्यातले इवले जीव हात पसरून भक्ष्य पकडत असतात. एखादा पोपटमासा स्वतःभोवती चिकट, पारदर्शक कोष करून कपारीत झोपलेला असतो. टॉर्च छातीशी झाकून हात हलवला की पाण्यात ठिणग्या चमकतात. फक्त दिवसा येणाऱ्याला अर्धाच समुद्र कळतो.

हा अर्धा समुद्र पाहतानाही बाईला आधी तिचं बाईपण आडवं आलं. १९७० साली अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांमध्ये, सेंट जॉन बेटाजवळ, 'टेक्टाइट-२' प्रकल्प झाला. समुद्रात सुमारे १५ मीटर खोल बांधलेल्या घरात राहून संशोधन करायचं होतं. स्त्री-पुरुषांनी तिथे एकत्र राहावं हे अधिकाऱ्यांना रुचेना, म्हणून सिल्व्हिया अर्ल यांच्या नेतृत्वाखाली पाच बायकांची वेगळी तुकडी केली. त्या दोन आठवडे तिथे राहिल्या, रात्री-बेरात्री बाहेर पडून प्रवाळातलं जग त्यांनी पाहिलं. वार्ताहरांनी मात्र त्यांना लिपस्टिक आणि हेअर ड्रायरबद्दल विचारलं!

आपल्याकडे 'सातच्या आत घरात' ही नुसती आईची ताकीद नव्हती. १९४८च्या कारखाना कायद्याने बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई केली होती, तीही संरक्षणाच्या नावाखाली. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ते बंधन घटनाबाह्य ठरवलं. पण रुग्णालयातल्या परिचारिकेची रात्रपाळी त्याही काळात चालूच होती. जिथे बाईवाचून अडत होतं, तिथे रात्र आड आली नाही.

कुणी म्हणेल, पैसेवाल्यांच्या हौसेची तुलना रात्रपाळीच्या बाईशी कशाला? आक्षेप रास्त आहे. हा खेळ महागडा आहे, तो करायला मिळणं हे माझं नशीब. पण म्हणूनच विचारते, हौसेखातर अंधारात उतरणाऱ्यांसाठी एवढी काळजी घेता येते, तर पोटासाठी रात्री घराबाहेर पडणाऱ्या बाईला रस्त्यावर दिवा, वेळेवर बस आणि हाकेच्या अंतरावर माणूस का मिळू नये? ते मिळेपर्यंत 'तुझ्या काळजीपोटीच सांगतो' हे वाक्य मी तरी ऐकून घेणार नाही.