टेलिफोन कारखान्यातला आवाज

कोंबडीनं माकड गिळलं!

अशी ओळ लहान मुलांच्या बडबडगीतात शोभावी. पण कर्नाटकात हे गाणं आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे गातात. नोव्हेंबरात राज्योत्सवाचे मांडव पडले की बेंगळुरूच्या गल्लीगल्लीत ते कर्ण्यावरून ऐकू येतं. ‘कोडगन कोळी नुंगित्त’ हे त्याचं नाव. रचना एकोणिसाव्या शतकातल्या संत शिशुनाळ शरीफांची. खेड्यातल्या भजनात, एकतारीवर फिरणारी त्यांची पदं शहरातल्या दिवाणखान्यात आणून बसवणाऱ्यांत सर्वांत खणखणीत आवाज होता सी. अश्वथ यांचा. आणि हे गृहस्थ पोटासाठी टेलिफोनच्या कारखान्यात नोकरी करत होते!

आधी शरीफांविषयी थोडं. हुबळीच्या पुढे, आजच्या हावेरी जिल्ह्यातल्या शिग्गाव तालुक्यात शिशुनाळ हे त्यांचं गाव. हा सारा मुलूख 1956 पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात होता. 1819 साली मुसलमान घरात जन्मलेल्या शरीफांनी काही काळ शाळामास्तरकी केली आणि गुरू केला तो गोविंद भट्ट नावाचा ब्राह्मण. दोन्हीकडच्या लोकांनी नावं ठेवली, पण गुरू-शिष्य बधले नाहीत. आज शिशुनाळच्या समाधीवर हिंदू नारळ फोडतात आणि मुसलमान फातिहा म्हणतात. कर्नाटक शरीफांना आपला कबीर मानतं. मराठी माणसाला मात्र त्यांची पदं ऐकून आधी आठवतील ती नाथांची भारुडं आणि आकाशात उडालेली मुक्ताबाईंची मुंगी. वरवर वेड्यासारखं बोलायचं आणि आत गाठ मारून ठेवायची, ही रीत तीच. गुरूनं शिष्याचं मीपण गिळून टाकलं, हे सांगायला शरीफांना कोंबडी आणि माकड पुरतात.

अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकमध्ये शेत, घोडा, दारूचा पेला आणि सोडून गेलेली बायको असते. शरीफांच्या गाण्यांतही सगळा गावचाच संसार आहे. गळणारं माळवद आहे, गुडगुडी आहे, पाय घसरून पडायच्या बेतात असलेली म्हातारी आहे. फक्त शेवटी हे माळवद देहाचं निघतं!

आता अश्वथ. त्यांचा जन्म 29 डिसेंबर 1939 चा, हासन जिल्ह्यातल्या चन्नरायपट्टणचा. म्हणजे जुन्या म्हैसूर संस्थानचा माणूस. बेंगळुरूत विज्ञानाची पदवी घेतली, हिंदुस्थानी संगीत शिकले आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये नोकरीला लागले. 1948 साली सुरू झालेल्या या सरकारी कारखान्यातून निघालेले काळे, जडशीळ फोन एकेकाळी देशभरच्या घरांत असत. आपल्या आजोबांच्या बैठकीतलाही कदाचित तिथलाच असेल. अश्वथ यांनी तिथं सत्तावीस वर्षं काढली. नोकरी सांभाळून संध्याकाळी नाटकांना संगीत द्यायचं, तालमी घ्यायच्या, पेटीवर चाली शोधायच्या. मध्यमवर्गीय घरात ‘आधी नोकरी, मग गाणं’ हा नियम असतोच. कर्नाटकही त्याला अपवाद नाही.

1977 साली ‘काकन कोटे’ या चित्रपटाला त्यांनी संगीत दिलं. मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांच्या नाटकावरचा, जंगलातल्या माणसांचा हा चित्रपट. त्यातल्या गाण्यांना मातीचा वास होता आणि तो वास पुढे त्यांना कधी सोडून गेला नाही.

कन्नडमध्ये कवितांना चाली लावून गाण्याला ‘सुगम संगीत’ म्हणतात. आपल्याकडे गजानन वाटव्यांनी भावगीत घराघरात नेलं, तसं तिकडे आधी पी. कालिंगराव आणि मग म्हैसूर अनंतस्वामी यांनी केलं. 1978 साली निसार अहमद यांच्या कवितांची अनंतस्वामींनी चाली दिलेली ‘नित्योत्सव’ ही कॅसेट निघाली आणि कवितेची कॅसेटही विकली जाते हे दुकानदारांना कळलं. अनंतस्वामींचं गाणं संयमी, घडीव. अश्वथ त्यांच्या नेमके उलट. आवाज चढा, किंचित खरबरीत, छातीतून येणारा. माइक नसता तरी मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असता! नाजूक कवितेवर हा गडी तुटून पडतो, असं वाटणारेही श्रोते असणारच, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण शरीफांच्या पदांना असाच आवाज हवा होता.

ही पदं हुडकून, निवडून लोकांपुढे आणण्याचं मोठं काम कवी एन. एस. लक्ष्मीनारायण भट्ट यांनी केलं. इतकं, की लोक त्यांना ‘शरीफ भट्ट’च म्हणू लागले. अश्वथ यांनी चाली बांधल्या आणि शिमोगा सुब्बण्णांबरोबर त्या गायल्या. सुब्बण्णा शिमोग्याचे वकील. ‘काडु कुदुरे’ या चित्रपटातल्या गाण्यासाठी गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे पहिले कन्नड गायक. एक कारखान्यातला, एक कोर्टातला. दोघंही दक्षिणेकडचे आणि पदं सगळी धारवाडी बोलीतली. पुण्याच्या माणसानं मालवणात जाऊन दशावतारातलं पद म्हणावं आणि मालवणकरांनीच टाळ्या वाजवाव्यात, तसा हा प्रकार. पण तो जमला. इतका जमला, की आज अनेकांना या चाली शरीफांच्या काळापासून चालत आल्या आहेत असंच वाटतं.

1990 मध्ये टी. एस. नागाभरण यांनी ‘संत शिशुनाळ शरीफ’ चित्रपट काढला. शरीफ झाले श्रीधर आणि गोविंद भट्टांच्या भूमिकेत होते गिरीश कार्नाड. संगीत अर्थात अश्वथ यांचं. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. मग याच जोडीनं ‘मैसूर मल्लिगे’ केला. के. एस. नरसिंहस्वामींचा त्याच नावाचा कवितासंग्रह 1942 सालचा. नवराबायकोच्या प्रेमाच्या, माहेर-सासरच्या, बांगड्या विकणाऱ्या चेन्नय्याच्या या कविता कन्नड घरांत आधीच पाठ होत्या. पाठ असलेल्या कवितेला चाल देणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून फोडणी घालणं. पण ती फोडणी लोकांना आवडली आणि या चित्रपटासाठी नरसिंहस्वामींना गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मुलांसाठी ‘चिन्नारी मुत्ता’ आला आणि 1997 मध्ये कार्नाडांच्या नाटकावरचा ‘नागमंडल’. एकट्या बाईनं खांबावरच्या बाहुलीशी बोलावं, असं त्यातलं एक गाणं आहे. उत्तर कर्नाटकाची लोकधून अश्वथ यांनी त्यात अशी वापरली, की शब्द न समजणाऱ्यालाही त्या रिकाम्या घराचा सुनेपणा कळतो.

2005 च्या एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर त्यांनी ‘कन्नडवे सत्य’ हा कार्यक्रम केला. तेव्हा हे शहर जगाला माहीत होतं ते सॉफ्टवेअरमुळे, कन्नड मागे पडते आहे अशी तक्रार घरोघर होती. ना चित्रपटाचे तारे, ना नाच. नुसत्या कवींच्या कविता. तरी लोटलेली गर्दी लाखाच्या घरातली सांगितली गेली. कुवेंपू, बेंद्रे, शरीफ ऐकायला एवढी माणसं जमतात, हे पाहून कन्नड साहित्यिकांना आनंद झाला की हेवा वाटला, कोण जाणे!

29 डिसेंबर 2009 या दिवशी, सत्तराव्या वाढदिवशीच, बेंगळुरूच्या रुग्णालयात अश्वथ गेले. शरीफांविषयीही असंच सांगतात, जन्मतिथीलाच, सत्तर वर्षं पुरी करून त्यांनी देह ठेवला. अश्वथ यांच्या जाण्याचं दुःख करायला शहराला पुरता एक दिवसही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे लोकप्रिय नट विष्णुवर्धन म्हैसुरात वारले, बेंगळुरू बंद झालं, दगडफेक झाली आणि गायकाची बातमी मागे पडली.

त्यांचं नाव नंतर पुन्हा गाजलं ते एका वादात. कुवेंपूंची ‘जय भारत जननिय तनुजाते’ ही कविता 2004 मध्ये कर्नाटकाचं राज्यगीत झाली. पण चाल कोणती? एक अनंतस्वामींची, एक अश्वथ यांची, आणि दोन्ही लोकांच्या तोंडी. एकामागून एक समित्या बसल्या. शेवटी 2022 मध्ये सरकारनं अनंतस्वामींची चाल पक्की केली आणि गीत अडीच मिनिटांत संपवण्याचा हुकूम काढला. अश्वथ यांच्या चालीची बाजू घेणारे उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं 2024 मध्ये सरकारचा निर्णय कायम ठेवला. दोघंही संगीतकार तोवर हयात नव्हते. अनंतस्वामी तर 1995 मध्येच गेले होते.

सरकारी समारंभात आता अनंतस्वामींची चाल वाजते. समारंभ संपला, मंत्र्यांच्या गाड्या निघाल्या, की ऑर्केस्ट्रावाले पेटी पुढे ओढतात आणि गर्दीतून फर्माईश येते ती कोंबडीची.