घोड्याची पाठ, मालकाची भाकरी

कसाल तिठ्यावर उभे राहिले तर रिक्षा, टेम्पो, एस.टी. दिसतात, ओझे वाहणारा घोडा दिसत नाही. पण आपल्यापैकी पुष्कळजण सुट्टीत मुलाबाळांना घेऊन माथेरानला जातात. तिथे खासगी मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे घोडा माणसे नेतो, सामानही वाहतो. त्याच्या जिवावर एका घरची चूल पेटते. म्हणून घोड्याचे दुखणे म्हणजे घरातल्या कमावत्याचे दुखणे. त्याच्या तीन जागा सांभाळायच्या.

पहिली पाठ. खोगिराखालचे कापड घामाने कडक झाले, त्यात कुसळ राहिले की कातडी सोलते. काम संपल्यावर पाठीवरून हात फिरवावा. जखम भरेपर्यंत खोगीर चढवू नये. जखमेवर फडके टाकणे हा उपचार नव्हे.

दुसरी जागा खूर. खुरातली माती, खडे रोज काढावेत. साधारण दीड महिन्याने खूर छाटून नाल बदलावी. घोड्याला धनुर्वात चटकन होतो. खिळा रुतण्याआधीच लस टोचून घ्यावी.

तिसरी पोट. घोड्याला उलटी होत नाही. बुरशी आलेला चारा किंवा एकदम घातलेले भरपूर धान्य यांनी पोटशूळ उठतो. घोडा सारखा पोटाकडे पाहू लागला, लोळू लागला तर जनावरांच्या डॉक्टरला तातडीने बोलवावे. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, उन्हात त्याहून जास्त.

कायदाही आहे. केंद्राच्या १९६५ च्या नियमांनुसार टट्टूच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. कोणत्याही जनावराला ओझ्याच्या कामाला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त किंवा सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ विश्रांती द्यावी लागते.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे आणि तबेल्यांचे हाल हेच त्या दाव्यातले गाऱ्हाणे होते. जनावराची हेळसांड झाली की शेवटी गरिबाचाच धंदा बुडतो.

आपणही एवढे करू शकतो. लंगडणाऱ्या, जखमी घोड्यावर बसू नये. पैसे वाचवायला एका घोड्यावर दोघांना बसवू नये. आणि गावी नांगरणी आटोपली की बैलाच्या मानेवरून, जू घासते तिथे, एकदा हात फिरवून पाहावा. मुके जनावर सांगत नाही; आपल्या हातालाच ते कळले पाहिजे.