बॉरो चेकर चोर ओळखत नाही

‘रस्टमध्ये लिहिलंय ना, मग सुरक्षितच!’ हे वाक्य आता बंद करा. रस्टचा कंपायलर, म्हणजे त्यातला बॉरो चेकर, मेमरीच्या चुका पकडतो. परका कोड कोणाचा आणि कशासाठी आणलात, हे तो विचारत नाही. ते विचारणं तुमचं काम होतं. तुम्ही ते टाळलंत.

टाळल्याची फळं समोर आहेत. मे २०२२ मध्ये क्रेट्स.आयओ या रस्टच्या पॅकेज-साठ्यावर ‘रस्टडेसिमल’ नावाचं घातक क्रेट, म्हणजे पॅकेज, सापडलं. ‘रस्ट_डेसिमल’ या लोकप्रिय क्रेटच्या नावातली फक्त अधोरेघ गाळली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘फास्टर_लॉग’ काढून टाकावं लागलं. ते सोलाना आणि इथेरियमच्या प्रायव्हेट की चोरत होतं. कंपायलरच्या लेखी दोन्हींचा कोड बिनचूक होता.

त्याहून वाईट म्हणजे बिल्ड.आरएस. तुम्ही ‘कार्गो बिल्ड’ म्हणता, त्याच क्षणी आणलेल्या क्रेटची ही फाइल तुमच्या मशीनवर, तुमच्याच परवानग्यांनिशी चालते. अनोळखी माणसाच्या हाती घराच्या चाव्या द्याव्यात, तसं हे आहे. चार ओळींचं फंक्शन स्वतः लिहायचा कंटाळा, म्हणून तुम्ही क्रेट जोडता आणि त्यामागून किती जण आत शिरले, हे ‘कार्गो ट्री’ चालवून बघतही नाही!

मी किनाऱ्यावरच्या चौलला बसून रस्टचं काम करतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, नेट गेलं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला नेट गृहीत धरता येत नाही. त्यावर उपाय ‘कार्गो व्हेंडर’: ते सगळ्या क्रेट्सचा सोर्स प्रोजेक्टमध्येच आणून ठेवतं. मग नेटशिवाय बिल्ड होतं आणि कोणता कोड बदलला, तेही गिटमध्ये ओळीनिशी दिसतं. ही सोय शहरातल्या टीमला नको असते, कारण दिसलं की वाचावं लागतं.

कार्गो.टॉमलमध्ये ‘१.०’ लिहिलंत, म्हणजे १.०पासून २.०च्या खालपर्यंतची कोणतीही आवृत्ती चालेल असं तुम्हीच सांगितलंत. नेमकी आवृत्ती आणि तिचा चेकसम कार्गो.लॉकमध्ये असतो. ती फाइल गिटमध्ये ठेवा, बिल्ड ‘लॉक्ड’ पर्याय लावून करा. ‘कार्गो ऑडिट’ तुमची क्रेट्स रस्टसेकच्या सुरक्षा-त्रुटींच्या यादीशी ताडून धोके सांगतं. ते रोज चालवा. पण त्यात फक्त माहीत झालेले धोके असतात. नवं क्रेट उघडून वाचण्याला पर्याय नाही.

‘वेळ नाही’ ही सबब मला सांगू नका. तुमच्या गिऱ्हाइकाला क्रेट लिहिणारा ठाऊक नसतो, त्याने पैसे तुम्हाला दिलेले असतात. जो कोड वाचायची तयारी नाही, तो त्याच्या गळ्यात मारायचा अधिकार तुम्हाला नाही.