स्पा, धाडी आणि नकाराचा हक्क

नाशिकच्या वृत्तपत्रांतून ठरावीक साच्याची एक बातमी अधूनमधून येत असते. एखाद्या व्यापारी संकुलात ‘स्पा’च्या नावाखाली चाललेल्या व्यवसायावर पोलिसांनी धाड घातली, आधी बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री करून घेतली, पंचांसमक्ष पंचनामा झाला, व्यवस्थापकास अटक झाली आणि इतक्या महिलांची ‘सुटका’ करण्यात आली. बातमी येथे संपते. त्या महिलांना महिन्याकाठी पगार किती मिळत होता, त्यांना मालीश कोणी शिकवली होती, ते दुकान कोणत्या खात्याच्या परवान्यावर उघडले होते आणि सुटका झाल्यावर त्या कोठे गेल्या, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तीत नसते. कारण प्रश्नच कोणी विचारलेले नसतात. काही दिवसांनी दुसऱ्या संकुलातली, दुसऱ्या पाटीखालची तशीच बातमी छापून येते.

या विषयावर दोन मते ऐकू येतात. पहिले मत संस्कृतिरक्षकांचे : हे सारे परकीय थेर आहे, तीर्थक्षेत्राला ते शोभत नाही, सगळी दुकाने बंद करा. दुसरे मत बाजारपेठेच्या भक्तांचे : देणारा देतो, घेणारा घेतो, दोन प्रौढांच्या व्यवहारात सरकारने नाक खुपसू नये. वरवर पाहता ही मते एकमेकांच्या विरुद्ध टोकांची आहेत. वस्तुतः दोहोंत एक साम्य आहे. दोहोंच्याही हिशेबात मालीश करणारी बाई नाही. एकाला ती कलंक वाटते, दुसऱ्याला ती सेवा वाटते. ती कामगार आहे, हे दोघांनाही सुचत नाही.

हे काम आहे, आणि कसबाचे काम आहे

मालीश हे परकीय थेर असल्याचा शोध ज्यांनी लावला, त्यांनी स्वतःच्याच घराकडे पाहावे. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई, तालमीत पैलवानाचे अंग रगडणारा जोडीदार, डोक्याची चंपी करून देणारा नाभिक यांच्या हातांवर महाराष्ट्रातील पिढ्या वाढल्या. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त अभ्यंग रोज करावा, विशेषतः डोके, कान आणि पाय यांना तेल लावावे, असे सांगितले आहे. पण तेवढेच सांगून ग्रंथकार थांबलेला नाही. कफाचा विकार असलेल्याने, नुकतीच शोधनचिकित्सा झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग टाळावा, असेही तेथेच म्हटले आहे. कोणाला द्यावे याबरोबरच कोणाला देऊ नये हे ज्याला कळते, तोच उपचार. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या माणसाची पोटरी जोराने रगडली, तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचा व जीव जाण्याचा धोका असतो. मोडलेले हाड, ताप, त्वचेचा संसर्ग यांबाबतही हीच सावधगिरी हवी. जिथे आलेल्या माणसाची प्रकृती कोणी विचारीत नाही, फक्त दरपत्रक पुढे करते, तिथे पाटीवर ‘थेरपी’ लिहिलेले असो वा ‘पंचकर्म’, उपचार नाही असे खुशाल समजावे. पंचकर्म म्हणजे वमन, विरेचन, बस्ती, नस्य व रक्तमोक्षण. अभ्यंग हे त्यांच्या पूर्वतयारीचे अंग आहे. नुसते तेल लावून ‘पंचकर्म’ विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला पहिल्याच ओळीत फसवीत असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शरीराला आराम मिळणे, श्रमलेले अंग हलके होणे यात पाप काहीच नाही. उलट तक्रार अशी करायला हवी की, हा आराम ज्यांना सर्वांत अधिक हवा त्यांच्या वाट्याला तो येतच नाही. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाची पाठ आणि सिन्नरला मान खाली घालून विड्या वळीत आलेल्या बाईची मान यांना जाणत्या हाताची गरज वातानुकूलित खोलीतील गिऱ्हाइकाहून कमी नाही. त्यांच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात भौतिकोपचाराची सोय किती आणि कशी आहे, हा प्रश्न ‘स्पा’च्या चर्चेत कोणीही काढीत नाही.

कायद्याचे कुंपण आणि त्यातील खिंडार

नाशिक हे वैद्यकीय शिक्षणाच्या नियमनाचे शहर आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून येथे आहे. पंचवटीत गणेशवाडीचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. भौतिकोपचारतज्ज्ञांसाठी महाराष्ट्राने २००२ चा परिषद कायदा केला, केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. वैद्यांसाठी नोंदणी आहे, परिचारिकांसाठी परिषद आहे. या साऱ्या कुंपणाला एक खिंडार ठेवलेले आहे : केवळ मालीश हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्यासाठी सक्तीचे शिक्षण नाही आणि सक्तीची नोंदणीही नाही. कौशल्य विकासाच्या योजनांत स्पा-उपचारकाचे अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रेही मिळतात. पण प्रमाणपत्र नसलेल्याने दुकान उघडू नये, असे कोणीही म्हणत नाही.

सरकारला हा भेद कळत नाही असे मात्र नाही. कर घेताना तो अचूक कळतो. मान्यताप्राप्त उपचारपद्धतीनुसार दवाखान्यात दिलेला उपचार वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. सौंदर्य व शारीरिक सुस्थितीच्या सेवांवर कर आहे, आणि तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. म्हणजे उपचार कोणता आणि चैन कोणती याची रेघ तिजोरीने आखली आहे. तीच रेघ आरोग्य खात्याला आणि कामगार खात्याला दिसू नये, याला अज्ञान म्हणता येत नाही.

या अनास्थेचा आर्थिक परिणाम ठरलेला आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा कस गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. मालीशच्या धंद्यात नेमके हेच घडते. वर्षभर शिकून आलेली उपचारक आणि काल गावाहून आणलेली असहाय मुलगी एकाच पाटीखाली, एकाच गणवेशात उभी असते. शिक्षणाला वेगळा मोबदला मिळत नाही. संशय मात्र दोघींच्याही वाट्याला सारखाच येतो. घरमालक खोली देताना कुरकुरतो, नातेवाईक धंदा विचारून नाक मुरडतात. मग प्रामाणिक उपचारक काम सोडते, प्रामाणिक चालक दुकान बंद करतो आणि मैदान उरते ते तिसऱ्याच मंडळींना.

मालकाची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. बाहेर दरपत्रक स्वच्छ असते. आत बाईचा पगार इतका तुटपुंजा ठेवायचा, की तिचे पोट बक्षिसीवर अवलंबून राहावे. आणि बक्षिसी कशासाठी मिळते, ते बंद दाराआडच्या दोघांवर सोडून द्यायचे. गिऱ्हाईक खूश झाले तर मालकाचा गल्ला भरतो. धाड पडली तर ‘आम्हाला काय ठाऊक?’ म्हणून तोच हात झटकतो. नफा मालकाचा आणि जोखीम मजुराची, ही जुनीच वाटणी येथे नव्या अत्तराच्या वासात चालते. राज्यकर्त्यांनी तिला हातभारच लावला आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची मोकळीक दिली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. चार-सहा बायकांचा ‘स्पा’ अशा रीतीने कामगार निरीक्षकाच्या नजरेतून सुटतो आणि पोलीस हवालदाराच्या नजरेत येतो. निरीक्षक वेतनपत्रक मागतो. धाडीत वेतनपत्रक मागायची प्रथा नाही.

धाडींचा धडा

अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदा १९५६ चा. १९८६ च्या दुरुस्तीने त्याला आजचे नाव मिळाले. कुंटणखाना चालविणारा, बायकांच्या कमाईवर जगणारा, त्यांना फूस लावून आणणारा हे त्याचे खरे आरोपी आहेत. प्रत्यक्षात धाडीनंतर कोंडली जाते ती बाई. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात डांबलेल्या तीन तरुणींना मुक्त करताना स्पष्ट केले की, या कायद्याचा हेतू स्त्रीला शिक्षा करणे हा नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मासकर खटल्यात निर्देश दिले की, कुंटणखाना चालविणे बेकायदा असले तरी स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या प्रौढ स्त्रीला धाडीत अटक किंवा दंड करू नये, तिचा छळ करू नये आणि वृत्तपत्रांनी तिची ओळख उघड करू नये. हे निर्देश ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पोचले आहेत काय, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

बंदीचा मार्ग महाराष्ट्राने एकदा चालून पाहिला आहे. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली. सुमारे ७५,००० स्त्रियांचा रोजगार गेल्याचा आकडा न्यायालयापुढे मांडला गेला. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. सरकारने २०१४ मध्ये पुन्हा बंदी आणली, २०१६ मध्ये नवा कायदा केला, त्यातील अनेक अटी जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने रद्द केल्या. चौदा वर्षांच्या या कज्जात त्या बायकांना पर्यायी रोजगार देण्याची एक धड योजना उभी राहिली नाही. दिल्लीत २०२१ मध्ये पुरुषाने स्त्रीला व स्त्रीने पुरुषाला मालीश करण्यावर सरसकट बंदी घालण्यात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. कामाच्या अटींना हात न लावता कामावरच कुऱ्हाड चालविली, की असेच होते.

मग वेगळा मार्ग कोणता? त्यासाठी इंग्लंडचा इतिहास उपयोगी पडेल. १८९४ मध्ये लंडनमधील मालीशगृहांच्या आड चालणारे कुंटणखाने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने उघडकीस आणले आणि मालीश हा शब्दच बदनाम झाला. त्याच वर्षी परिचारिका व सुईणीचे काम करणाऱ्या चार स्त्रियांनी प्रशिक्षित मालीशकार स्त्रियांची एक संस्था काढली. परीक्षा, प्रमाणपत्र, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपचार नाही, सर्वसाधारण वृत्तपत्रांत जाहिरात नाही, असे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. १९२० मध्ये तिला राजसनद मिळाली आणि १९४४ पासून ती भौतिकोपचारतज्ज्ञांची सनदी संस्था म्हणून ओळखली जाते. आज सन्मानाचा मानला जाणारा एक व्यवसाय त्या बदनामीतून वर आला, तो काम करणाऱ्यांच्या संघटनेने. थायलंडनेही २०१६ च्या कायद्याने आरोग्यासाठीची मालीशगृहे सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाखाली आणली व तेथील उपचारकांची नोंदणी सक्तीची केली. त्यामुळे तेथील देहविक्रय संपला असे कोणी म्हणणार नाही. पण शिकलेल्या कामगाराला स्वतःच्या नावाचा कागद मिळाला.

मागण्या चार आहेत. पहिली, मालीशगृहाचा परवाना आरोग्य खात्याने द्यावा. आलेल्या माणसाच्या प्रकृतीची नोंद आणि प्रशिक्षित उपचारक या त्याच्या किमान अटी असाव्यात. तपासणीचे अहवाल जाहीर व्हावेत, म्हणजे परवान्याचा हप्ता होणार नाही. दुसरी, नोंदणी दुकानाची तशी कामगाराचीही असावी. दुकान बंद पडले तरी तिचे प्रमाणपत्र तिच्याजवळ राहील. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीची मालीश करीत आलेल्या बायकांना शाळेची अट न लावता अनुभवावर परीक्षा देता यावी. तिसरी, १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर मालक, कामगार व सरकार यांचे मंडळ असावे आणि वेतन मंडळामार्फत मिळावे. हमालाची मजुरी जर मंडळात जमा होऊ शकते, तर हिची का होऊ नये? चौथी, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांसाठी जिल्ह्यात जी स्थानिक समिती असते, तिचा पत्ता प्रत्येक मालीशगृहाच्या भिंतीवर ठळक लावावा. छळ करणारा गिऱ्हाईक असला तरी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर नसतो.

उपचाराची मालीश कोणती आणि वासनेचा बाजार कोणता, हे तेलाच्या वासावरून किंवा दाराच्या पडद्यावरून ठरत नाही. ‘हे मी करणार नाही’ असे म्हटल्यावर त्या बाईची नोकरी, तिचा पगार आणि तिची राहण्याची खोली दुसऱ्या दिवशी शाबूत राहते काय, हीच एक कसोटी आहे. जिथे नकार देता येतो तिथे काम आहे. जिथे तो देता येत नाही तिथे वेठबिगार आहे. मग पाटी कोणतीही असो.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये घाटांचे, रस्त्यांचे, निवासांचे आराखडे झाले. येणाऱ्या लाखोंच्या पाहुणचारासाठी राबणाऱ्या हातांचा आराखडा त्यांत कोणी घातला नाही. घरकामगारांत, विडी कामगारांत, हमालांत काम केलेल्या कार्यकर्त्यांना या बायकांपर्यंत पोचणे अवघड नाही. अवघड आहे तो संकोच सोडणे. पुढची धाड पडेल तेव्हा पंचनाम्याच्या वेळी युनियनची एक तरी कार्यकर्ती तेथे उभी असावी आणि तिने पहिला प्रश्न विचारावा : हिचा थकलेला पगार कोण देणार?